कोर्लई कोणाची?

मिसरोदपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी आमच्या घरात सगळ्यात जोरात वाद होतो तो समुद्रातल्या एका टेकडीवरून. माझ्या सासूबाई मूळच्या रेवदंड्याच्या. सासऱ्यांची नोकरी भेलमध्ये, म्हणून लग्न होऊन त्या भोपाळला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचा भाचा वास्तुविशारद आहे. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो आणि कामानिमित्त सांची-विदिशेकडे आला की आमच्याकडे मुक्कामाला असतो. या वेळी तो आला तो कोर्लईचा आराखडा घेऊनच.

ज्यांनी कोर्लई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तर तीरावर रेवदंडा आहे आणि दक्षिण तीरावरून एक लांबट, चिंचोळा डोंगर थेट पाण्यात शिरलेला आहे. तेच कोर्लईचं भूशिर. एका अंगाला खाडीचं संथ, करडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्राच्या लाटा. माथ्यावर किल्ला, पश्चिमेच्या उतारावर दीपगृह, आणि डोंगर जिथे जमिनीला जोडलेला आहे तिथे गाव. डोंगराचा दगड काळा बसाल्ट. भोपाळच्या आसपास जी काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला मानवते, तीही याच लाव्हाच्या खडकातून झालेली. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एवढा दूरवर पसरला होता.

वादाला तोंड फुटलं ते विदिशेवरून.

भाचा : आत्या, आज खामबाबाचा खांब पाहून आलो. तक्षशिलेचा हेलिओडोरस हा ग्रीक राजा अंतियाल्किदासचा वकील म्हणून इथे येतो आणि वासुदेवाचा गरुडध्वज उभारतो. इसवी सनापूर्वी ११३ च्या सुमाराची गोष्ट. त्या खांबावरचा एवढा मोलाचा लेख, आणि तो शेंदराखाली गाडला गेला होता! पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७७ मध्ये त्या खांबापाशी उभा होता, पण थर इतका जाड की त्याला अक्षरं दिसलीच नाहीत. १९०९ मध्ये शेंदूर काढला तेव्हा कुठे जगाला कळलं.

आत्या : शेंदराला का नावं ठेवतोस? विदिशेची राजधानी गेली, राजवाडे गेले. त्या खांबाच्या आजूबाजूचं देऊळसुद्धा गेलं. खांब तेवढा उभा राहिला, कारण लोक त्याला बाबा मानत होते. नाहीतर कधीच कुणी फोडून विहिरीला लावला असता.

भाचा : पण आपण काय पुजतोय ते त्यांना माहीत नव्हतं.

आत्या : तो उभा राहिला पाहिजे, एवढं माहीत होतं. तुझ्या पुस्तकांना ते दोन हजार वर्षांनी कळलं.

भाच्याने हसून सोडून दिलं नाही, हे मला आवडलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि कोर्लईची चित्रं आमच्यापुढे मांडली.

भाचा : बरं, मग कोर्लईचं बोलू. तिथे कुणी शेंदूर लावत नाही. माथ्यावर महादेवाचं छोटं देऊळ आहे, पाण्याचं टाकं आहे, पण बाकीचा गड बेवारस पडलाय. चर्चचं छप्पर कधीच गेलं. भिंतींच्या सांध्यांत पिंपळ शिरलाय, आणि त्याचं मूळ मनगटाएवढं जाड झालं की दगड वर उचलतं. खारं वारं चुन्यात शिरतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे खडे आतून दगड फोडतात. कुणीतरी प्रेमापोटी सिमेंट लावतं. ते तर आणखी वाईट, कारण सिमेंट ओल आतच कोंडून ठेवतं. चुन्याला श्वास घेता येतो. तिथे चुन्याचंच काम हवं, आणि ते आत्ता हवं.

आत्या : यावर मी कुठे भांडले? पुढचं दाखव.

पुढच्या चित्रात वाहनतळ होता, तिकीटघर होतं, पायथ्याच्या घरांची पर्यटक निवासं झालेली होती आणि किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचा रस्ता होता. त्याच्या शेजारी त्याने ग्रीसमधल्या मोनेमवासियाचे फोटो लावले होते. पेलोपोनीजच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभा असलेला हा प्रचंड खडक एका अरुंद वाटेने जमिनीला जोडलेला आहे. आधी बायझंटाइन, मग व्हेनिसकर, मग तुर्क, पुन्हा व्हेनिसकर, पुन्हा तुर्क अशी त्याची मालकी फिरत राहिली. कवी यानिस रित्सोस १९०९ मध्ये तिथेच जन्मला आणि त्याची कबरही तिथेच आहे. खालच्या गावात गाड्यांना मज्जाव आहे. दगडी घरं जशीच्या तशी दुरुस्त केलेली. फोटो पाहून खरंच हरखून जावं असं गाव.

भाचा : ओसाड होत चाललं होतं ते. घरं दुरुस्त झाली, बाहेरून माणसं येऊ लागली आणि खडक वाचला. कोर्लई कुठे कमी आहे? ग्रीकांना आपला किनारा नवा नव्हता. इजिप्तहून जुलैत निघायचं, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडायचा आणि पाऊस सरताना इथे पोचायचं, हा त्यांचा शिरस्ता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत कल्याणनंतर रेवदंड्याला लागून असलेल्या चौलचं नाव येतं, सेमिल्ला. टॉलेमी दुसऱ्या शतकात सिमिल्ला म्हणतो. बाजारपेठ म्हणूनही नोंदवतो आणि भूशिर म्हणूनही. ते भूशिर कोर्लईचंच असावं असं मला वाटतं. खलाशाला दुरून आधी काय दिसणार? बाजार नाही, डोंगर. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची (ग्रीकांना यवन म्हणत) नावं दाते म्हणून कोरलेली आहेत. ती माणसं याच किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाट चढून गेली असतील.

आत्या : गेली असतील. पण त्यांना किनाऱ्याला कोण लावत होतं? खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, भरती-ओहोटीला प्रवाह फिरतो. परक्या तांडेलाला ते काय कळणार? आमच्याकडे होडी चालवणारा माणूसही नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचा, इकडून नको, तिकडून घेऊ. पूल झाला अलीकडे, १९८० नंतर. तोवर साळावला जायचं तर तरीनेच.

भाचा : त्याची नोंद कुठे नाही, आत्या.

आत्या : आहे. तूच एकदा सांगितली होतीस. खुंटांची.

इथे भाचा क्षणभर थांबला, कारण ती गोष्ट खरोखरच त्याने सांगितली होती. मार्च १५०८. इजिप्तच्या ममलुक सुलतानाच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझच्या गलबतांनी चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना गाठलं. पोर्तुगीजांचा म्होरक्या लोरेन्सो द आल्मेदा हा व्हाइसरॉयचा मुलगा. बाहेर निसटताना त्याच्या जहाजाला पाण्याखाली भोक पडलं आणि ते वाहत जाऊन मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. इतर जहाजांना ते ओढून काढता आलं नाही. लोरेन्सो तिथेच मारला गेला. पुढच्या वर्षी त्याच्या बापाने दीवला जाऊन सूड घेतला आणि अरबी समुद्रावरचं पोर्तुगीजांचं वर्चस्व पक्कं झालं. बोंबलासाठी डोल जाळी लावायला आजही कोकणच्या खाड्यांत खुंट मारतात. भरतीला ते दिसत नाहीत. ओहोटीला काळी टोकं वर येतात, त्यांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्याभोवती पाणी फेसाळत वळतं. कोणत्या कोळ्याने ते खुंट मारले होते, त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही.

आत्या : तोफांनी जे साधलं नाही ते खुंटांनी साधलं. आणि तुझ्या आराखड्यात त्या खुंटांच्या जागी काय आहे? नौकाविहार!

भाचा : आराखडा बदलता येतो. पण तू गडाचं महत्त्व कमी करतेस. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. समोरचा डोंगर ज्याच्या हाती त्याच्या हाती खाडीचं तोंड, हे दोघांनाही माहीत होतं. निजामशहाने तिथे बांधकाम सुरू केलं तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला. मग त्यांनी काय केलं बघ. डोंगराची धार चिंचोळी, म्हणून आडव्या भिंती घालून त्यांनी गडाचे भाग पाडले. एक भाग पडला तरी पुढचा लढेल. बुरुजांना संतांची नावं. जमिनीचा उतार वाचून बांधलेला असा किल्ला कोकणात विरळा. आणि तू म्हणतेस, त्यापेक्षा खुंट मोठे.

आत्या : मोठे नाही म्हणत. तेही धर म्हणते.

भाचा : आणि मराठे? त्यांचं काय? बाजीराव १७३७ च्या डिसेंबरात इथे, आपल्या भोपाळला, निजामाला कोंडून बसला होता. जानेवारीत दोराहाचा तह झाला. तेव्हा तिकडे कोकणात चिमाजी अप्पाची मोहीम चालू होती. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. एका भावाने भोपाळ, दुसऱ्याने कोकण! मिसरोदमधल्या मराठी माणसाला कोर्लई आपली वाटायला एवढं पुरे नाही का?

मला हे जोडून घेतलेलं नातं खरंच भावलं. भोपाळच्या मराठी घरांत बाजीरावाचं नाव निघतं ते रावेरखेडीच्या समाधीपाशी थांबतं. तो गेला त्याच वर्षी, १७४० मध्ये, त्या घराण्याच्या पराक्रमाची दुसरी कड कुंडलिकेच्या मुखाशी पूर्ण झाली, हे आमच्या मुलांना कुणी सांगितलेलं नाही. पण सासूबाईंना १७४० म्हटल्यावर दुसरंच काही आठवलं.

आत्या : १७४० मध्ये गड आपल्याकडे आला. गोरे अंमलदार बोटीत बसून गेले. मागे कोण राहिलं?

भाचा : पायथ्याची ख्रिस्ती वस्ती.

आत्या : मग त्यांचं बोल की.

त्यांचं बोलायलाच हवं, आणि माझ्या मते या भूशिरावरची सगळ्यात नवलाची गोष्ट तीच आहे. पोर्तुगीज सैनिक आणि इथल्या बायामाणसांच्या संसारातून जी बोली तयार झाली होती, ती या कुटुंबांनी टिकवली. राज्य गेलं. गोव्याशी रोजचा संबंध तुटला. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या गावांशी सोयरीक नाही, आणि मधे खाडी. गरीब शेतकरी आणि मजूर कुटुंबांनी पावणेतीनशेहून जास्त वर्षं ती बोली घरात बोलत ठेवली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास, बहुतेक याच एका गावात. त्यांचं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं, मुलांची शाळा मराठी. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर अनेक वर्षं काम करून १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटाकडे सरकलेलं, असं त्याला आढळलं. सोळाव्या शतकातला दर्यावर्दी पुन्हा जन्माला आला तर गडाच्या भिंती ओळखेल. पण त्याच्याशी दोन शब्द बोलू शकेल ती पायथ्याची आजीच.

भाचा : मान्य. पण ती बोली दुराव्यामुळे टिकली, आत्या. आता पूल आहे, मोबाइल आहे, मुलं अलिबागला नि मुंबईला शिकायला जातात. पलीकडे साळावला कारखाना आहे. गावात पैसा आला नाही तर तरुण राहणार नाहीत आणि बोलीही राहणार नाही. पर्यटनाने निदान माणूस गावात थांबेल.

आत्या : तुझ्या त्या ग्रीसच्या गावात थांबला का? घरं दुरुस्त झाली, पण रात्री त्यांत कोण झोपतं?

भाचा : बरेचसे पाहुणे. खोटं सांगत नाही.

आत्या : मग खडक वाचला, गाव नाही. मिसरोदचं पाहतेच आहे की मी. आले तेव्हा खेडं होतं. शेतं विकली गेली, वसाहती झाल्या. सुधारणा म्हणून रस्त्याच्या मधोमध बसमार्ग बांधला, मिसरोद ते बैरागढ. दहा-अकरा वर्षांत तोच उखडून टाकला. बसमार्ग पुन्हा बांधता येईल रे. पण इथले शेतकरी कुठे गेले ते कुणी सांगेल का? कोर्लईच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर दोरीला जबडे अडकवून बोंबील टांगलेले असतात. तुझ्या पाहुण्यांना वास येणार. आधी मांडव मागे सरकवतील, मग होड्या, मग कोळी.

भाचा : आणि आपण काय केलं? आपली रेवदंड्याची वाडी विकलीच ना? बाबा मुंबईला गेले, तू इथे आलीस, मी तर कुठे कुठे फिरतो. आपण सगळे निघून गेलो. आणि आता कोळ्यांनी आणि त्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र जिथल्या तिथे राहावं, बोंबील वाळवावेत, जुनी बोली बोलावी, आणि आपण लांबून त्यांचं कौतुक करावं? हा कुठला न्याय?

घरात कुणी हे इतक्या स्पष्टपणे बोललं नव्हतं. वाडीचा विषय आमच्याकडे टाळलाच जातो. सासूबाई जरा वेळ बोलल्या नाहीत.

आत्या : खरं आहे. आपण निघून गेलो. म्हणूनच तिथे काय व्हावं ते ठरवायचा हक्क ना मला, ना तुला. जे राहिले त्यांना विचार. वाहनतळ हवा म्हणाले तर बांध. माझ्या आठवणींसाठी त्यांनी का थांबावं? पण आधी विचार. चित्र काढून झाल्यावर विचारायला जाऊ नकोस. कोरा कागद घेऊन जा.

भाचा : ते चुना नको, सिमेंट लावू म्हणाले तर?

आत्या : मग तुझं शिक्षण काय कामाचं? समजावून सांग. चुना कसा भिजवायचा, कसा मळायचा ते तिथल्याच पोरांना शिकव. बाहेरची टोळी येऊन भिंत लिंपून गेली तर पुढचा पिंपळ कोण काढणार? खामबाबाला रोज शेंदूर लावणारा माणूस होता म्हणून सांगते. गडालाही रोजचं माणूस लागतं.

भाच्याला हे पूर्ण पटलं असं मी लिहिणार नाही. गावसभेत तिढे पडतात, तोवर भिंत पडते, हा त्याचा अनुभव आहे आणि त्यात तथ्य आहे. माझं स्वतःचं मत सांगते. भिंती वाचवायला तज्ज्ञ लागतो, आणि तो लवकर लागतो. चर्चची भिंत आणि टाकं यांचं काम कुणाच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षं ताटकळू नये. पण निवासं, वाहनतळ, किनाऱ्याची जागा यांतलं काहीही गावाच्या होकाराशिवाय होऊ नये. होड्या ओढायची नि मासळी वाळवायची जागा तर आराखड्यात सगळ्यात आधी आखली जावी, मग बाकीचं. या एका मुद्द्यावर मी सासूबाईंच्या बाजूने ठाम आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आराखड्याच्या किनारपट्टीवरून लाकडी रस्ता पुसला. नौकाविहार मात्र अजून तिथेच आहे, आणि त्यावर फोनवरून भांडण चालू आहे.

सौंदर्याबद्दल या वादात फार बोलणं झालं नाही, कारण तिथे दोघांचं एकमत आहे. पावसाळ्यानंतर गड गुडघाभर गवताने हिरवा असतो, डिसेंबरपर्यंत तेच गवत सोनेरी होतं. वरून एका बाजूला रेवदंड्याच्या माडा-पोफळींचा पट्टा आणि त्यातून डोकं काढणारा सातखणी मनोरा दिसतो. खाली कुंडलिकेचं गढूळ पाणी समुद्राच्या निळ्यात शिरतं ती रेघ स्पष्ट दिसते, आणि भरती लागली की ती रेघ आत खाडीकडे सरकते. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि लाटांचा आवाज गावभर ऐकू येतो.

भोपाळच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे की कोर्लई वाटते तितकी लांब नाही. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भोपाळला थांबते, मिसरोद स्टेशनवरून न थांबता पुढे जाते आणि तुम्हाला पनवेलला उतरवते. तिथून अलिबाग आणि रेवदंड्यावरून पूल ओलांडला की आलीच कोर्लई. थंडीत जा. दीपगृहाच्या बाजूने गड चढा, भिंतींवर चढू नका, त्यांवर काही लिहू नका. उतरल्यावर तसेच गाडीत बसू नका, गावातून चालत जा. वाळवणीच्या मांडवापाशी नाकाला रुमाल लावू नका. सुकट आणि बोंबील तिथल्या बायकांकडूनच घ्या आणि भावासाठी घासाघीस करू नका.